थेरपिस्टने नुसतं हसत राहायचं?

‘फिजिओथेरपिस्टला डिप्रेशन येतंच कसं?’ असा मेसेज फिरतोय. दिवसभर व्यायाम होतो, पेशंट बरे होतात, चेहऱ्यावर हसू ठेवलं की मन आपोआप हलकं होतं. तरी उदास वाटलं तर आठवडाभर सुट्टी घ्या, गोळ्या नकोत, असं त्यात म्हटलंय. आमच्या एका ज्युनियरला तो तिच्या आईने पाठवला आणि ती गोळ्या बंद करायला निघाली. म्हणून हे लिहावं लागतंय.

सगळ्यात घातक हसण्याचा सल्ला. गुडघा बदललेल्या पेशंटचा पाय ७० अंशांपर्यंतच वाकतोय, ९० पर्यंत न्यायचाय. तो कळवळतोय, चिडतोय. थेरपिस्ट म्हणते, ‘जमतंय काका, अजून थोडंसं.’ पुढचा पेशंट स्ट्रोकचा. चार महिने झाले, मूठ उघडत नाही, आणि बायको रोज विचारते, ‘हात कधी येईल?’ तिथेही तोच आवाज, तेच हसू. मनात एक, चेहऱ्यावर एक. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्येच याला भावनिक श्रम म्हटलं. तीस वर्षांच्या अभ्यासांचा उटे ह्यूल्सहेगर आणि ॲना श्यूवे यांनी २०११ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्यात वरवरच्या हसण्याबरोबर थकवा आणि मानसिक त्रास वाढलेला दिसतो. आणि मेसेज तेच हसू औषध म्हणून देतोय! त्यापेक्षा ‘कधी येईल’चं उत्तर रोज एकट्या ज्युनियरवर टाकू नका. आठवड्यातून एकदा डॉक्टर, थेरपिस्ट आणि नातेवाईक एकत्र बसा, पुढचं छोटं लक्ष्य ठरवा.

व्यायामाने नैराश्यात फायदा होतो, हे मान्य. पण ८० किलोच्या पेशंटला खाटेवरून व्हीलचेअरवर घेणं हा थेरपिस्टचा व्यायाम नव्हे, तिच्या कंबरेवरचा भार आहे. आणि सगळे पेशंट बरे होत नाहीत. मज्जारज्जू पूर्ण तुटलेला पेशंट बहुधा पुन्हा चालत नाही, हे तिला पहिल्या महिन्यातच दिसत असतं.

सुट्टीने थकवा जातो, नैराश्य नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप उडालीय, तर पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी भरा. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टर गाठा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे.

राहिल्या गोळ्या. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवतात. एकदम सोडल्या तर चक्कर, झोपमोड, डोक्यात विजेसारखे झटके असा त्रास होऊ शकतो. बंद करायच्याच असतील तर डोस डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.