‘घोड्यातलं तुम्हाला काय कळतं?’ एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

निनावी महोदय,

इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला दर मार्चमध्ये चार दिवस घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतींचा फेस्टिवल भरतो. त्यावरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी काढून टाकलेलं नाही, पण ज्यांच्या नजरेतून सुटलं असेल त्यांच्यासाठी जसंच्या तसं इथे देतो. "मुक्या जनावरांना चाबकाने मारून उड्या मारायला लावतात, त्यात घोडे मरतात, आणि तुम्ही कोट-टोपी घालून गोऱ्यांच्या जत्रेत मिरवून आलात ते चवीने लिहिता. घोड्यातलं तुम्हाला काय कळतं? दारू आणि जुगार सोडून तिथे आहे काय? त्या पैशात गावाकडच्या एखाद्या मुलाची वर्षाची फी भरली असती." आणि सोबत घोडे पडतानाचा एक व्हिडिओ.

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. बायको पण म्हणाली सोड ना, लोक काहीही लिहितात. पण मधलं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, ते कुठलं ते पुढे कळेलच.

आधी बोलायच्या पद्धतीबद्दल. या ब्लॉगवर माझ्याशी सहमत नसणारे भरपूर लोक येतात. मागे एका ताईंनी याच विषयावर तुमच्यापेक्षा कडक लिहिलं होतं, पण नाव लावून, "दादा, मला हे अजिबात पटत नाही, तुम्ही कसं बघू शकता?" असं थेट विचारलं होतं. त्यांना मी लांबलचक मेल लिहिला, त्यांनी उलट लिहिला, अजून आमचं पटलेलं नाही आणि तरी बोलणं चालू आहे. तुम्ही मात्र काही विचारलंच नाहीत. माणूस कोण, त्याने काय घातलंय, त्याची लायकी काय हे सगळं परस्पर ठरवून मोकळे झालात आणि घोडा फक्त तोंडी लावायला घेतलात. मला तर वाटतं माझ्या कोटाचा तुम्हाला घोड्याच्या दुखण्यापेक्षा जास्त राग आलाय. अहो, मार्च महिन्यात क्लीव्ह हिलवरून त्या रेसकोर्सवर जो वारा सुटतो ना त्यात कोट-टोपी नसेल तर माणूस दुसऱ्या शर्यतीपर्यंत टिकत नाही. २००८ साली बुधवारचा अख्खा दिवस वाऱ्यामुळे रद्द करावा लागला होता आणि त्या दिवसाच्या शर्यती गुरुवार-शुक्रवारात कोंबाव्या लागल्या होत्या, इतका वारा असतो तिथे.

एक गोष्ट मान्य करतो, कारण खरं ते खरं. दारू फार होते. दुपारी चारनंतर गिनेस बिअरच्या तंबूकडून चालत जायला मला पण नकोसं होतं, आणि पाइंटला साडेसात पाउंडांच्या वर मोजून लोक एवढे कसे पितात हे मला आजवर समजलेलं नाही. गर्दीचंही तेच. २०२२ ला चार दिवसांत २ लाख ८० हजारांच्या वर माणूस आलं, उभं राहायला जागा नव्हती, मग पुढच्या वर्षापासून दिवसाला ६८,५०० ची मर्यादा घातली. २०२५ ला आकडा २ लाख १९ हजारांच्या आसपास आला आणि मला विचाराल तर बरं झालं, निदान पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागेच्या, कठड्यापर्यंत पोचता येतं. तर हा मुद्दा तुमचा. घ्या.

आता ते वाक्य. घोड्यातलं तुम्हाला काय कळतं.

माझे वडील सईस होते. पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर आणि थंडीचा सीझन सुरू झाला की घोड्यांबरोबर मुंबईला महालक्ष्मीला, कधी आम्ही पण त्यांच्यामागे तर कधी आई आणि आम्ही भावंडं पुण्यातच. पहाटे काळोखात उठून खरारा करायचा, जीन चढवून ट्रॅकवर न्यायचं, आणून थंड होईस्तोवर चालवायचं, अंघोळ, चंदी, पट्ट्या, पेंढा बदलायचा आणि संध्याकाळी पुन्हा तेच. शाळेच्या आधी मी बादल्या उचलल्यात. घोड्याच्या पुढच्या पायाच्या नळीवरून हात फिरवून कुठे गरम लागतंय ते बघायला वडिलांनी मला शिकवलं तेव्हा मला नीट वाचता पण येत नव्हतं. घोडा चालताना पुढचा एक पाय टेकला की डोकं वर झटकतो, म्हणजे तो पाय दुखतोय, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. एका घोडीने वडिलांच्या दंडाचा असा चावा घेतला होता की ती खूण शेवटपर्यंत राहिली, आणि तीच घोडी आजारी पडली तेव्हा ते रात्रभर तिच्याजवळ बसून होते, घरी आलेच नाहीत. त्यांनी आयुष्यात एक रुपया घोड्यावर लावला नाही. स्टँडमध्ये बसून शर्यत बघितली असेल असंही मला वाटत नाही, त्यांचा घोडा पळत असला की ते कठड्याजवळ उभे राहायचे आणि घोडा येताना फक्त त्याचे पाय बघायचे, पहिला आला का पाचवा ते नंतर.

त्यामुळे मला हे विचारायच्या आधी तुम्ही जरा थांबायला हवं होतं. तुमचा घोड्याशी काय संबंध आला ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा काय आला ते मी लिहिलं.

आणि मी चेल्टनहॅमला नेमका कशासाठी जातो तेही त्या पोस्टमध्ये होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसेल. बर्मिंगहॅमहून सकाळची गाडी पकडतो, पाऊण तासाच्या आत चेल्टनहॅम स्पा, तिथून बस, आणि गेटातून आत शिरलो की थेट पॅडॉक. तिथे डॉन रन या घोडीचा पुतळा आहे, आर्कल या घोड्याचा आहे. शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात ते मी प्रत्येक शर्यतीला बघतो आणि घोडा धरून चालणाऱ्या पोरापोरींकडे पण बघतो. कुणी आयाळ किती निगुतीने विणली आहे, घोडा अंग सैल सोडून चालतोय का, का आधीच घामाघूम झालाय. ज्याचा घोडा सगळ्यात छान राखलेला दिसतो त्या सईसाला तिथे वेगळं बक्षीस देतात, मालकाला नाही, ट्रेनरला नाही, सईसाला. नाव पुकारतात. तेव्हा माझ्या घशात आवंढा येतो आणि तो कुणाला दाखवायला येत नाही.

"गोऱ्यांची जत्रा" म्हणालात. हो, आहेच जत्रा. आयर्लंडमधून विमानं भरभरून शेतकरी येतात, आसपासच्या गावांतले लोक येतात, वर्षभर पैसे साठवून येणारे आहेत. १९९० ला गोल्ड कप (फेस्टिवलमधली सगळ्यात मानाची शर्यत) नॉर्टन्स कॉइन नावाच्या घोड्याने जिंकला, सट्ट्यात शंभरास एक भाव, त्याचा मालक आणि ट्रेनर सिरेल ग्रिफिथ्स हा वेल्समधला दूधवाला शेतकरी, मोजक्या घोड्यांचा माणूस, त्या दिवशी सकाळी गाईंच्या धारा काढून मग घोडा घेऊन आलेला. २०२५ ला चॅम्पियन हर्डल ही बुटक्या अडथळ्यांची शर्यत गोल्डन एस या घोडीने जिंकली, ट्रेनर जेरेमी स्कॉट सॉमरसेटमधल्या छोट्या तबेल्याचा. त्या दिवशी मी तिथे होतो. सगळ्यांचा लाडका घोडा कॉन्स्टिट्यूशन हिल मध्येच पडला, आणि मग स्टेट मॅन हा दुसरा घोडा पुढे असताना शेवटच्या हर्डलला पडला, आणि एवढ्या हजारो लोकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही. गोल्डन एस जिंकली तरी माझ्या आजूबाजूचे लोक आधी मागे वळून बघत होते, दोन्ही घोडे उठले का म्हणून. उठले. मग टाळ्या. तिथे दारू आणि जुगार सोडून काय आहे असं विचारता ना, तर हे आहे.

आणि वाट बघणं. ते आपल्याकडच्या शर्यतीत असं नसतं, म्हणून जरा सांगतो. महालक्ष्मीची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची, म्हणजे एका घोड्याला ती आयुष्यात एकदाच, चांगला निघाला की लवकरच पैदाशीला जातो. उड्यांच्या शर्यतीतला घोडा नऊ-दहा वर्षांचा होईपर्यंत, कधी त्याच्याही पुढे पळतो, बहुतेक खच्ची केलेले असतात, त्यामुळे तोच घोडा दरवर्षी परत दिसतो आणि माणसाला त्याचा लळा लागतो. गोल्डन मिलरने १९३२ ते १९३६ सलग पाच गोल्ड कप जिंकले, आर्कलने १९६४ पासून तीन. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सीझन तापायला लागला की मी बघायला लागतो, मग नाताळच्या दुसऱ्या दिवशी केम्प्टनला किंग जॉर्ज, फेब्रुवारीत डब्लिनजवळ लेपर्ड्सटाउनला आयरिश गोल्ड कप, कोण कसा उडी मारतोय, कोणाला ओली जमीन मानवते, कोण तीन मैलांनंतर चेल्टनहॅमच्या त्या शेवटच्या चढावर मान टाकतो. गॅलोपाँ दे शाँ नावाचा घोडा २०२३ आणि २०२४ दोन्ही वेळा गोल्ड कप जिंकलेला, २०२५ ला तिसऱ्यांदा जिंकणार असं मी जानेवारीपासून ज्याला त्याला सांगत होतो, आणि आय नो द वे युअर थिंकिन नावाच्या घोड्याने त्याला मागे टाकलं. शुक्रवारी घरी टीव्हीवर बघितलं आणि संध्याकाळभर कोणाशी बोललो नाही.

आता चाबूक आणि मरण. तुम्ही दिलेला व्हिडिओ मी पूर्ण बघितला. तो चेल्टनहॅमचा नाहीच, तो लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री नावाच्या रेसकोर्सवरच्या ग्रँड नॅशनल शर्यतीचा आहे, आणि तोही जुना, ४० घोडे पळायचे तेव्हाचा. २०२४ पासून तिथे ३४ च पळतात. दुसऱ्यावर एवढा मोठा आरोप करताना निदान कुठल्या शर्यतीबद्दल बोलतोय ते तरी बघून घ्यायचं. चाबकाला फोमचं आवरण असतं, उड्यांच्या शर्यतीत जास्तीत जास्त सात वेळा वापरता येतो, आणि २०२३ पासून नियम असा की मर्यादेच्या वर चार किंवा जास्त झाले की घोडा बादच, जिंकला असला तरी. अडथळ्यांवर पूर्वी नारिंगी रंग असायचा, घोड्याला नारिंगी नीट वेगळा दिसत नाही असं एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासातून पुढे आल्यावर २०२२ पासून तो बदलून पांढरा करायला घेतला. २०१८ ला फेस्टिवलमध्ये घोडे मेले, त्यावर ब्रिटिश रेसिंगच्या नियामकांनी डिसेंबरात आख्खा अहवाल काढला आणि दोन मैलांच्या चेसमधली (चेस म्हणजे मोठ्या अडथळ्यांची शर्यत) घोड्यांची संख्या २४ वरून २० वर आणली. २०१९ ला नॅशनल हंट चेसमध्ये १८ पैकी चारच घोडे शेवटपर्यंत पोचले, एक गेला, तर पुढच्या वर्षी ते चार मैलांचं अंतरच कमी केलं.

घोडे मरतात का? मरतात. उड्यांच्या शर्यतीत पळणाऱ्या साधारण हजारामागे चार. हे मला तुमच्याकडून कळायची गरज नव्हती. पडलेल्या घोड्याभोवती धरायचे पडदे घेऊन लोक धावत जातात तेव्हा माझ्या पोटात काय होतं ते तुम्हाला सांगून तुम्ही मानणार नाही, म्हणून सांगत नाही. पण घोडे तिथे नुसते मुके जनावर म्हणून मरत नाहीत, त्यांना नावं असतात. डॉन रन, चॅम्पियन हर्डल आणि गोल्ड कप दोन्ही जिंकलेली आजवरची एकटी, १९८६ ला मार्चमध्ये गोल्ड कप आणि जूनमध्ये पॅरिसला ओटईच्या मैदानावर पळताना तिचा जीव गेला. बेस्ट मेट, २००२ ते २००४ तीन गोल्ड कप, २००५ ला एक्सेटरला पळताना हृदय बंद पडलं. आणि माणसंही जातात. मायकेल ओसुलिव्हन, चोवीस वर्षांचा जॉकी, २०२५ च्या फेब्रुवारीत आयर्लंडमधल्या थर्ल्सच्या रेसकोर्सवर पडला आणि दहा दिवसांनी गेला. २०२३ ला त्याने मरीन नॅशनाल या घोड्यावर फेस्टिवलची पहिली शर्यत जिंकली होती, २०२५ च्या मार्चमध्ये त्याच शर्यतीला त्याचं नाव दिलं होतं, आणि बुधवारी तोच मरीन नॅशनाल शॉन फ्लॅनगन या जॉकीला पाठीवर घेऊन क्वीन मदर चॅम्पियन चेस ही शर्यत जिंकला. माझ्या शेजारी एक आयरिश बाई होत्या, म्हाताऱ्या, त्या रडत होत्या आणि मीही. आम्ही तिथे मिरवत होतो म्हणता?

राहिला जुगार आणि गावच्या मुलाची फी. मी किती लावतो आणि कुणाची फी भरतो हे तुम्हाला सांगायला मी बांधील नाही. पुढे.

पुढचा फेस्टिवल मार्चमध्ये आहे, शुक्रवारचं तिकीट मी काढणार आहे आणि त्याबद्दल लिहिणार पण आहे. तुमची कॉमेंट राहू देतोय. मात्र यापुढे नाव न लावता कोणाच्या कपड्यांवर, घरच्यांवर किंवा लायकीवर लिहिलेलं इथे छापलं जाणार नाही, हे सगळ्यांनाच लागू. शर्यतींवर टीका करायची असेल तर जरूर करा, त्या ताई करतात तशी, मी उत्तर देईन. आणि तुम्ही परत लिहिणार असाल तर एवढं करा, त्या व्हिडिओत पडणाऱ्या घोड्यांपैकी एकाचं तरी नाव शोधून लिहा.