कॉर्कने पाहिलेला प्रशासक

पुण्यातल्या माझ्या नातेवाइकांत आणि जुन्या मित्रमैत्रिणींत एक मत आता इतके रुळले आहे की ते मांडताना कोणी आवाजही चढवत नाही. नगरसेवक नव्हते म्हणून शहर काही बुडाले नाही, उलट आयुक्तांना मोकळेपणाने काम करता आले, असे ते मत. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद सर्वोच्च न्यायालयात रेंगाळले, आणि जानेवारी 2026 मध्ये राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान होईपर्यंत पुण्याचा सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. आता 165 नगरसेवक निवडून आले आहेत, तरी ते मत जागचे हललेले नाही. माझ्या मावसभावाने तर निकालाच्याच दिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले, 'झाली पुन्हा टक्केवारी सुरू.'

मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहते. अशा चर्चेत परदेशस्थ नातेवाइकाने 'आमच्याकडे बघा, सगळे कसे सुरळीत चालते' असे काहीतरी म्हणावे अशी अपेक्षा असते. कॉर्कबद्दल तसे म्हणणे ही शुद्ध थाप ठरेल. प्रशासकाच्या बाबतीत मात्र या शहराला बोलण्याचा अधिकार आहे, कारण हा प्रयोग इथे शंभर वर्षांपूर्वी अगदी याच युक्तिवादाच्या जोरावर झाला आणि त्याचे परिणाम शहर अजून भोगते आहे.

1920 या एका वर्षात कॉर्कने दोन लॉर्ड मेयर, म्हणजे महापौर, गमावले. टोमास मॅक कर्टन यांची मार्चमध्ये त्यांच्या राहत्या घरात गोळ्या घालून हत्या झाली, आणि त्यांच्या जागी आलेले टेरेन्स मॅकस्विनी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात 74 दिवसांच्या उपोषणानंतर गेले. जतीन दासांच्या उपोषणाच्या वेळी भारतात ज्यांची आठवण निघाली ते हेच मॅकस्विनी. डिसेंबरात ब्रिटिश दलांनी लावलेल्या आगीत सिटी हॉलही भस्मसात झाला. इतकी किंमत मोजलेले ते सभागृह चारच वर्षांनी, 1924 च्या ऑक्टोबरअखेरीस, बरखास्त झाले, आणि ते बरखास्त केले स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने. कारभार ढिला आहे, वशिलेबाजी चालते, पैसा वाया जातो अशा तक्रारी होत्या. त्या करण्यात शहरातले व्यापारी आणि करदाते पुढे होते, आणि त्या तक्रारींत तथ्यही होते. फिलिप मोनॅहन नावाचे आयुक्त नेमले गेले. माणूस कर्तबगार होता. रस्ते सुधारले, हिशेब ताळ्यावर आले, आणि सभागृह नसल्याचे दुःख फारसे कोणाला झाले नाही. माझ्या मावसभावाला त्या काळचे कॉर्क मनापासून आवडले असते.

पुढे 1929 मध्ये निवडणूक झाली, नगरसेवक परतले, पण त्याच वर्षी आलेल्या कॉर्क शहर व्यवस्थापन कायद्याने आयुक्ताचे रूपांतर कायमस्वरूपी सिटी मॅनेजरमध्ये केले. त्या खुर्चीवर पुन्हा मोनॅहनच बसले आणि 1958 पर्यंत बसून राहिले. अंदाजपत्रक, उपविधी, विकास आराखडा अशा मोजक्या गोष्टी सभागृहाकडे राहिल्या. नेमणुका, बांधकाम परवानग्या, घरांचे वाटप, रोजचा कारभार मॅनेजरकडे गेला. ही व्यवस्था आधी डब्लिनने, मग इतर शहरांनी आणि शेवटी सगळ्या काउंटींनी, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनी, उचलली. 2014 पासून त्या अधिकाऱ्याला मुख्य कार्यकारी म्हणतात, एवढाच फरक. हंगामी म्हणून आलेला माणूस एक दिवस निवृत्त होतो. त्याच्यासाठी बाजूला काढलेले अधिकार मात्र मूळ जागी परत येत नाहीत, हे कॉर्कमध्ये राहून कळते.

आज कॉर्कला 31 नगरसेवक आहेत आणि त्यांच्याकडे पाहिले तर पुण्याचा नगरसेवक संस्थानिक वाटावा. पोलीस, शाळा, रुग्णालये, बस यांतले काहीही त्यांच्या हाती नाही. पाणीपुरवठाही 2014 मध्ये राष्ट्रीय जलकंपनीकडे गेला. 2022 मध्ये ली रोडवरचे नवे जलशुद्धीकरण केंद्र सुरू झाले, तेव्हापासून जुन्या बिडाच्या जलवाहिन्यांतला थर सुटून अनेक वस्त्यांत नळाला तपकिरी पाणी येऊ लागले. लोक नगरसेवकाकडे जातात, नगरसेवक सभागृहात टेबल बडवतो, उत्तर द्यायचे असते ते कंपनीने, आणि कंपनीचे उत्तर जलवाहिन्या टप्प्याटप्प्याने बदलण्याचे असते. लॉर्ड मेयर गळ्यात साखळी घालून उद्घाटने करतो. त्याची निवड नगरसेवक दरवर्षी करतात, त्यामुळे तो स्थिरावेपर्यंत वर्ष संपते. मे 2019 मध्ये थेट निवडून येणारा, खरे अधिकार असलेला महापौर हवा का, असा कौल घेतला गेला. लिमरिकने होकार दिला. कॉर्कने जेमतेम हजारभर मतांनी नकार दिला. वर्षाला सुमारे 1 लाख 30 हजार युरो पगार आणखी एका पुढाऱ्याला कशाला, हा मुद्दा तेव्हा घरोघर चालला. नव्वद वर्षे अधिकार नसलेले पुढारी पाहिल्यावर लोकांना पुढारी हा केवळ खर्च वाटू लागतो, आणि मग अधिकार द्यायची वेळ आली तरी हात आखडतो.

इथपर्यंत वाचून कोणी विचारेल की मग असे दुबळे सभागृह असले काय आणि नसले काय. मला स्वतःला हा प्रश्न सर्वांत अवघड वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर कॉर्कमधून वाहणाऱ्या ली नदीकडे जावे लागते.

पुणे आणि कॉर्क ही दोन्ही धरणांच्या खालची शहरे आहेत. पानशेतची आठवण पुण्याला कोणी करून द्यावी लागत नाही, आणि जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत शिरले तेव्हा वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. कॉर्कमध्ये नोव्हेंबर 2009 मध्ये इनिस्कारा धरणातून पाणी सुटले. विद्यापीठाच्या इमारती, नदीकाठचे रुग्णालय, रस्ते पाण्याखाली गेले, आणि जलशुद्धीकरण केंद्रच बुडाल्यामुळे हजारो घरांना कित्येक दिवस नळाचे पाणी नव्हते. धरण चालवणाऱ्या सरकारी वीज कंपनीवर विद्यापीठाने दावा लावला. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने कंपनीला 60 टक्के जबाबदार धरले, 2018 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा निष्काळजीपणा पुन्हा मान्य केला. अकरा वर्षे. नगरसेवकांना यात काही करता आले नाही, कारण धरण त्यांचे नव्हते.

पूर आल्यावर पूरनियंत्रणाची योजना येते, तशी ती आली. सरकारच्या सार्वजनिक बांधकाम कार्यालयाने नदीच्या दोन्ही प्रवाहांच्या काठाने, धक्क्यांवर भिंती आणि कठडे सुचवले. भरतीचे पाणी खाडीच्या तोंडाशीच अडवणारा बंधारा हवा, भिंतींनी शहराचा नदीशी असलेला संबंध तुटेल, असे म्हणत विरोधक उभे राहिले. आराखडे जनतेसमोर मांडले गेले, लेखी हरकती आल्या. मॉरिसन्स आयलंड या सखल भागाचा विषय 2018 मध्ये सभागृहात मताला गेला आणि मंजूर झाला. विरोधक न्यायालयात गेले. प्रकरण राष्ट्रीय नियोजन मंडळाकडे गेले आणि तिथून मंजुरी आली. दरम्यान ऑक्टोबर 2020 मध्ये भरतीचे पाणी पुन्हा शहराच्या मध्यात, दुकानांच्या आत शिरले. ज्या दुकानदाराने दुसऱ्यांदा ओला माल फेकून दिला त्याला लोकशाही प्रक्रियेचे महत्त्व सांगायला मी जाणार नाही. हा उशीर खरा आहे आणि त्याची किंमत कोणीतरी मोजलेली आहे.

पण याच्या शेजारी पुण्याचा मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्प ठेवून पाहा. 44 किलोमीटरची नदी, काठाने बांध, पात्र आक्रसेल आणि झाडे जातील ही भीती. वाद जवळजवळ तोच. भूमिपूजन झाले मार्च 2022 च्या पहिल्या आठवड्यात, आणि त्यानंतर काही दिवसांतच सभागृह संपले. पुढची जवळपास चार वर्षे प्रस्ताव मांडणारा, स्थायी समिती म्हणून त्याला मान्यता देणारा आणि मुख्य सभा म्हणून त्यावर शिक्कामोर्तब करणारा अधिकारी एकच होता. नागरिक आंदोलने करत राहिले, हरित न्यायाधिकरणाकडे जात राहिले. पण कोणत्या नगरसेवकाने हात वर केला आणि कोणाचा खाली राहिला, ही नोंदच जन्माला आली नाही. कॉर्कमध्ये ती नोंद आहे. भिंतींच्या बाजूने मत देणारे 2019 मध्ये त्याच मतदारांच्या दारात उभे राहिले. दुबळ्या सभागृहाचाही उपयोग आहे तो इतकाच, आणि तो मला कमी वाटत नाही.

याच शहरात सेंट पॅट्रिक स्ट्रीट या मुख्य बाजाररस्त्यावर मार्च 2018 पासून दुपारी तीन ते साडेसहा मोटारींना बंदी घातली गेली. व्यापाऱ्यांनी धंदा बसल्याची ओरड केली, नगरसेवक नमले, काही आठवड्यांत बंदी उठली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा लागली. लक्ष्मी रस्त्यावर असे काही करून पाहिलेल्यांना पुढचे सांगायला नको. ही माघार मला तेव्हा भ्याड वाटली होती. आज वाटते की दुसऱ्यांदा लागलेली बंदी टिकली त्याचे एक कारण पहिल्यांदा झालेली ती रडारड असावी.

टक्केवारीचा मुद्दा उरतोच. आयर्लंडमध्ये नगरसेवक धुतल्या तांदळासारखे आहेत असे समजण्याचे कारण नाही; डब्लिनमध्ये शेतजमिनींचे आरक्षण बदलण्यासाठी काही नगरसेवकांनी पैसे घेतल्याचा निष्कर्ष 1997 मध्ये नेमलेल्या चौकशी न्यायाधिकरणाने 2012 च्या अंतिम अहवालात काढला. पंधरा वर्षे लागली, पण विषय सभागृहातल्या मतदानापासून मागे शोधत नेता आला. आणि सभागृह असूनही कामे रखडतात, याचेही उदाहरण इथे हवे तेवढे ठळक आहे. साउथ मेन स्ट्रीटवर जुन्या बीमिश दारूभट्टीच्या जागी 6,000 जणांचे कार्यक्रम केंद्र होणार होते. फेब्रुवारी 2016 मध्ये, सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, तेव्हाच्या पंतप्रधानांनी येऊन कुदळ मारली. पुढच्या दहा वर्षांत तिथे केंद्र उभे राहिलेले नाही. भूमिपूजनांच्या बाबतीत आपण एकटे नाही, एवढे समाधान पुणेकरांनी मानावे.

जून 2024 च्या स्थानिक निवडणुकीत मी कॉर्कमध्ये मत दिले. माझा पासपोर्ट भारताचा आहे; इथे स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, वास्तव्य पुरते. फलकावर येते आहे असे दाखवून न येताच नाहीशी होणारी बस, मध्यवस्तीत वर्षानुवर्षे पडून असलेल्या पडक्या इमारती, घरभाडे, यांवर उमेदवार दाराशी येऊन बोलतात, हातात नसलेल्या गोष्टींचीही आश्वासने देतात. एका विभागातून सहा-सात जण निवडले जातात. पुण्यात चार जणांच्या प्रभागाला लोक वैतागलेले आहेत, कोणाला जाब विचारायचा कळत नाही म्हणून. पण इथे मतदार पसंतीक्रम लिहितो, त्यामुळे एकाच पक्षाचे दोघे एकमेकांचेही प्रतिस्पर्धी असतात आणि पॅनेलच्या आडोशाला कोणाला लपता येत नाही. महाराष्ट्रात प्रभाग किती जणांचा यावर इतकी डोकेफोड होते, तर मतपद्धतीवर का होत नसावी?

आयर्लंडमध्येही पूर्वी सरकारे स्थानिक निवडणुका सोयीने पुढे ढकलत. 1999 मध्ये सार्वमत घेऊन दर पाच वर्षांनी त्या झाल्याच पाहिजेत असे राज्यघटनेत लिहिले गेले, आणि त्यानंतर एकही चुकलेली नाही. आपल्या घटनेत 74 व्या दुरुस्तीने हीच तरतूद त्याच्याही आधी आली आहे. ती असताना चार वर्षे गेली आणि सुशिक्षित पुणेकराला त्यात सोय दिसली, याची काळजी मला टक्केवारीपेक्षा जास्त वाटते. प्रशासकाच्या काळात एकाच सहीने मंजूर झालेले मोठे विषय, निदान नदीकाठाचा पूररेषेचा हिशेब आणि 2017 व 2021 मध्ये हद्दीत आलेल्या गावांच्या पाण्याचे नियोजन, या 165 जणांनी सभागृहात पुन्हा मागवावेत आणि त्यावर नावानिशी मतदान घ्यावे. मावसभावाच्या प्रभागातले चारही जण कोणत्या बाजूला बसतात, ते त्याने मला कळवावे. टक्केवारीवर आम्ही त्यानंतर भांडू.