ट्रेमध्ये गेलेली विंडो कुठे गेली? फोंड्याच्या वाचकांना उत्तर

चालू प्रोग्रॅम सिस्टिम ट्रेमध्ये, म्हणजे घड्याळाजवळच्या छोट्या चिन्हांच्या जागेत, ठेवणाऱ्या फुकट युटिलिटींवर (छोट्या मदतनीस प्रोग्रॅमांवर) मी लिहिलं होतं. त्यावर फोंड्याच्या एका दुकानदार वाचकांची खरमरीत प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मिनिमाइझचं बटण असताना वेगळी युटिलिटी हवी कशाला? रॅम वाचत नाही ती नाहीच. वर ही फुकटची सॉफ्टवेअरं माऊसवर हुक टाकतात (त्याचं क्लिक मध्येच पकडून पाहतात), म्हणजे धोका आपल्याच पदरात. फारच गर्दी झाली तर व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर वेगवेगळे पडदे, आहेत. खरा राग मात्र शेवटी आलाय. लेख वाचून त्यांच्या भाच्यानं सिमेंट-रंगाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर असली एक युटिलिटी टाकली. बिलिंगची विंडो ट्रेमध्ये गेली ती परत आलीच नाही. मशीन बंद करून चालू करावं लागलं आणि अर्धवट बिल गेलं. "दुकानदाराला असले खेळ परवडत नाहीत," असं त्यांनी लिहिलंय.

बाब, शेवटाकडूनच सुरुवात करतो, कारण तुमचं नुकसान तिथे झालंय.

या युटिलिटी विंडो बंद करत नाहीत. त्या विंडोजला एवढंच सांगतात की ही विंडो पडद्यावर दाखवू नकोस, आणि तिच्यासाठी घड्याळाजवळ एक चिन्ह लावतात. हे चिन्ह युटिलिटीच्या मालकीचं असतं, बिलिंगच्या प्रोग्रॅमला त्याची गंधवार्ताही नसते. त्यामुळे चिन्ह गेलं की विंडोकडे जाण्याची वाटच बुजते. टास्कबारवर तिचं बटण नसतं, ऑल्ट-टॅबमध्येही ती येत नाही. प्रोग्रॅम मात्र आत व्यवस्थित चालू असतो. तुम्ही टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅमांची यादी) उघडून पाहिला असता तर तो ‘ॲप्स’च्या खाली दिसला नसता, ‘बॅकग्राउंड प्रोसेसेस’च्या गर्दीत दिसला असता.

आता चिन्ह जातं कसं? निम्म्या वेळा ते गेलेलंच नसतं. विंडोज ११ नवीन चिन्हं आपण होऊन त्या वर तोंड केलेल्या छोट्या बाणामागे टाकतं. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, तिथे टास्कबार, आणि तिथे ‘अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स’ उघडून त्या युटिलिटीचा खटका चालू केला की चिन्ह घड्याळाशेजारी कायम दिसतं. हे लेखात होतं, पण भाच्यानं युटिलिटी उतरवून घेतली आणि पुढचं वाचलं नाही असं दिसतं. मुलं अशीच असतात, माझ्या घरीही एक आहे.

दुसरं कारण जास्त खोडसाळ आहे. टास्कबार आणि ट्रे ही दोन्ही एक्सप्लोरर नावाच्या प्रोग्रॅमची कामं. तो मध्येच कोसळून पुन्हा उभा राहिला की ट्रे कोराच येतो. उभा राहिल्यावर तो सगळ्या प्रोग्रॅमांना हाक देतो, की मी परत आलोय, आपापली चिन्हं पुन्हा लावा. नीट लिहिलेली युटिलिटी ही हाक ऐकते. गबाळी असेल तर ऐकत नाही, आणि तिच्या ताब्यातल्या सगळ्या विंडो अधांतरी राहतात. युटिलिटी स्वतःच बंद पडली किंवा कुणी टास्क मॅनेजरमधून तिला मारलं तरी हेच होतं.

म्हणून काउंटरवरच्या कॉम्प्युटरसाठी माझी पसंती ट्रेमंड या युटिलिटीला आहे. दिसायला अगदी साधी. विंडोज कळ, शिफ्ट आणि झेड एकदम दाबलं की समोरची विंडो ट्रेमध्ये जाते, चिन्हावर डबल क्लिक केलं की परत येते. तिचा खरा गुण वेगळाच आहे. कुठल्या विंडो लपवल्यात याची नोंद ती एका फाइलमध्ये ठेवते. ती मध्येच बंद पडली तर पुन्हा चालू करायची, त्या नोंदीवरून ती चिन्हं परत लावते. तुमच्याकडे ही असती तर कॉम्प्युटर बंद न करता ते अर्धवट बिल वाचण्याची बरीच शक्यता होती.

हुकचा तुमचा मुद्दा खरा आहे, आणि तो नेमका आरबीट्रे या दुसऱ्या युटिलिटीला लागू होतो. मिनिमाइझच्या बटणावर उजवं क्लिक केलं की विंडो ट्रेमध्ये, ही सोय तिला द्यायची असते. त्यासाठी दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पडलेलं क्लिक तिला आधी कळावं लागतं, म्हणून ती आपली एक डीएलएल (इतर प्रोग्रॅमांत चालणारी कोडची फाइल) सगळ्या प्रोग्रॅमांत घुसवते. कीबोर्डवरचं टायपिंग चोरणारे प्रोग्रॅमही हुकचाच आधार घेतात, त्यामुळे काही अँटिव्हायरस तिच्याकडे संशयानं पाहतात, त्यात त्यांचं चुकत नाही. पण तिचा सोर्स कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर उघडा आहे, कुणीही वाचावा. शिवाय शॉर्टकटच्या शेवटी ‘नो-हुक’ हा पर्याय जोडला की ती हुक टाकतच नाही. मग उजवं क्लिक चालत नाही, विंडोज-ऑल्ट आणि खालचा बाण एवढंच उरतं. दुकानात तेवढं पुरे. फाइल मूळ गिटहबच्या पानावरूनच घ्या. चार जाहिरातींच्या मधोमध भलंमोठं हिरवं बटण असलेल्या साइटवरून नको. उतरवल्यावर व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर टाकून पाहा, एकाच वेळी अनेक अँटिव्हायरसांचं मत मिळतं.

रॅमबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबरच, आणि मी रॅम वाचेल असं कुठेही लिहिलेलं नाही. हा समज जुन्या विंडोजपासून आलाय. तेव्हा विंडो मिनिमाइझ केली की त्या प्रोग्रॅमच्या हातातली मेमरी विंडोज छाटून टाकायचं, आणि टास्क मॅनेजरमधला आकडा धाडकन खाली यायचा. लोकांना वाटायचं, कॉम्प्युटर हलका झाला. विंडो परत उघडली की तीच मेमरी हळूहळू परत भरायची. ट्रेमध्ये लपवलेला प्रोग्रॅम जागा तेवढीच खातो.

मग उपयोग काय? मिनिमाइझ केलेल्या विंडोचं बटण टास्कबारवर राहतं, आणि आपल्याकडच्या काउंटरवर एकाच माऊसला दहा हात लागतात. म्हापशात शुक्रवारच्या बाजाराला दुकानांतली झुंबड तुम्हाला माहीतच आहे. घाईत कुणीतरी टास्कबारवरच्या बटणावर उजवं क्लिक करतो आणि ‘क्लोज ऑल विंडोज’ दाबून मोकळा होतो. कॅमेऱ्यांचा प्रोग्रॅम, बॅकअपचा प्रोग्रॅम, लेबल प्रिंटरचा प्रोग्रॅम, हे दिवसभर चालू हवेत पण त्यांच्याकडे बघायचं काहीच नसतं. असे प्रोग्रॅम टास्कबारवरून बाजूला झाले की चुकून बंद व्हायचं थांबतं. माझी शिफारस एवढ्यापुरतीच आहे. ज्यात आपण टायपिंग करतो ते ट्रेमध्ये टाकू नये. बिलिंग तर मुळीच नको. हॉटेलच्या रिसेप्शनवर ब्राउझरमध्ये परदेशी पाहुण्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म भरायला घेतला असेल तर तोही नको. परदेशी पाहुणा आल्यापासून चोवीस तासांत तो पाठवावा लागतो, आणि नजरेआड गेलेलं पान तसंच विसरलं जातं.

व्हर्च्युअल डेस्कटॉप २०१५ पासून, विंडोज १० बरोबर आले. घरी एकटा माणूस वापरत असेल तर उत्तम. दुकानात मात्र कुणाकडून विंडोज-कंट्रोल आणि बाण दाबला गेला की सगळंच्या सगळं पडद्यावरून जातं, आणि मग ‘कॉम्प्युटर पुसला गेला’ म्हणून फोन येतो. ते परवडेल का?

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण भाचा पुन्हा प्रयत्न करील म्हणून सांगतो. जुनी हिशेबाची सॉफ्टवेअरं पुष्कळ दुकानांत ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून चालवतात. विंडोज व्हिस्टापासूनचा नियम असा की कमी अधिकाराचा प्रोग्रॅम जास्त अधिकाराच्या विंडोला हुकूम देऊ शकत नाही. म्हणजे साधी चालवलेली युटिलिटी अशा विंडोला हातही लावू शकत नाही, कळा कितीही दाबा. मग लोक युटिलिटीलाही ॲडमिन करतात. चालतं, पण कुठून तरी उतरवलेल्या फुकट प्रोग्रॅमला तेवढे अधिकार मी माझ्या मशीनवर देणार नाही. आणि तशीही कुठली युटिलिटी घेण्याआधी त्या प्रोग्रॅमच्याच सेटिंग्ज उघडून पाहाव्यात. थंडरबर्ड, टेलिग्राम, क्यूबिटटॉरंट यांच्यात ट्रेमध्ये जाण्याची सोय आधीपासूनच आहे.

तुमच्या मशीनवर तूर्त जी युटिलिटी आहे ती काढून टाका. तिच्या चिन्हावर उजवं क्लिक करून ‘एक्झिट’नंच बंद करा, टास्क मॅनेजरमधून मारू नका. विंडोज चालू होताना ती आपोआप उघडत असेल तर स्टार्टअपच्या यादीतूनही तिचं नाव काढा. त्यानंतर कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम तेवढा बाजूला ठेवायचा असेल तर ट्रेमंड घ्या, आणि आधी नोटपॅडची रिकामी विंडो लपवून-परत आणून भाच्याचा हात बसवा. बिलिंगचं सॉफ्टवेअर कुठलं आहे आणि विंडोज १० की ११, एवढं खाली लिहिलंत तर पुढचं सांगता येईल.