पाळकसाहेब कुणीकडे तोंड करून उभे राहणार?

“तुमच्याकडे बरंय. तुमचा पुजारी जन्मालाच येतो. जाहिरात नको, मुलाखत नको.”

हे मला ऐकवण्यात आलं ते इंग्लंडातल्या लिंकनशायरमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये, हातात फिकट हिरव्या कपातला त्याहून फिकट चहा असताना. ‘तुमच्याकडे’ म्हणजे अहिल्यानगर. माझ्या खापरपणजोबांचा बाप्तिस्मा तिथलाच. आमच्या पिढ्या वाढल्या त्या दृढीकरण, प्रभुभोजन आणि पंचमंडळातली भांडणं यांवर. पुजाऱ्याशी आमचा संबंध एवढाच, की शेजारी सत्यनारायण असला की प्रसादाची वाटी आमच्याकडे यायची. पण हे सगळं उभ्या उभ्या कुणाला सांगणार? मी म्हटलं, “हो का?” आणि त्या ‘हो का’चा राग मला अजून येतोय.

बोलणारे गृहस्थ म्हणजे आमचे आठचे आजोबा. त्यांच्याकडे येतेच, आधी रीत सांगून टाकते.

नगरकडे पाळकसाहेबांची बदली होते. १९७० साली नागपुरात अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाच्या), प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट अशा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात आम्हीही गेलो. बिशपांचं पत्र येतं, दाराशी टेम्पो लागतो, निरोपाचा हार पडतो आणि दुसऱ्या टेम्पोतून नवे पाळकसाहेब उतरतात. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये टेम्पोऐवजी १९८६चा कायदा आहे. पाळक निवृत्त झाला की बिशपांच्या कार्यालयातून पीसीसीच्या, म्हणजे पंचमंडळाच्या, चिटणिसाला नोटीस येते. चिटणीस म्हणजे अस्मादिक. मग ठरलेल्या मुदतीत ‘कलम ११ची सभा’ घ्यायची. तीत पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या मंडळीची, स्थिती, गरजा आणि परंपरा यांचं निवेदन ठरवायचं, २ प्रतिनिधी निवडायचे, जाहिरात द्यावी अशी विनंती करायची का आणि बिशपांबरोबर एकत्र बसायचं का, हेही तिथेच ठरवायचं. या सभेला कायद्याने कोण बसू शकत नाही? जाणारा पाळक आणि त्याची बायको. म्हणजे त्या जागेवर नेमकं काय काम असतं हे गावात ज्या दोघांना ठाऊक, ती दोघं बाहेर. उरलेल्यांनी आत बसून पाळकाने काय काय करावं हे लिहायचं.

आणि लिहितात हो! परगावचा अर्जदार आधी हिशेब उघडतो. डायोसिसला, म्हणजे बिशपांच्या प्रांताला, दरवर्षी द्यायचा वाटा पूर्ण भरलाय की थकलाय, ते पाहतो. मग दर ५ वर्षांनी वास्तुविशारदाकडून होणाऱ्या तपासणीचा अहवाल मागतो. छपरावरचं शिसं चोरीला गेलंय का, पन्हाळी तुंबल्या आहेत का, बुरुजाला भेग आहे का, हे त्यात असतं, कारण दुरुस्तीचे पैसे उभे करण्यात त्याची पुढची काही वर्षं जाणार असतात. मग पाळकाच्या घराचा नकाशा. ४ शयनगृहं आणि पुढच्या दाराशेजारीच अभ्यासिका, म्हणजे रडत आलेल्या माणसाला स्वयंपाकघर ओलांडून आत जावं लागत नाही. ‘आम्ही एक प्रेमळ कुटुंब आहोत’ हे वाक्य तो सगळ्यात शेवटी वाचतो आणि भांडण कुणाकुणात आहे याचा अंदाज बांधतो. मी हे समितीला समजावून सांगितलं. समितीने मुखपृष्ठावर नाताळातला फोटो घातला. त्यात चर्च भरलेलं आहे, निम्मी मुलं मेंढ्यांच्या वेशात आहेत आणि त्यातलं एकही मेंढरू जानेवारीत दिसलेलं नाही.

‘आम्हाला कसा पाळक हवा’ या पानाचं तर विचारू नका. तरुण कुटुंबं खेचून आणणारा हवा, पण काहीही न बदलणारा. एका बाईंनी गिटार वाजवता आल्यास उत्तम असं सुचवलं, तेव्हा ऑर्गन वाजवणाऱ्या गृहस्थांनी चश्मा काढून ठेवला. ती सूचना पुन्हा कुणी काढली नाही.

तर आजोबा. आमच्याकडे रविवारी २ उपासना असतात. दहाची म्हणजे गाणी, मुलं, हस्तांदोलन, बिस्किटं. आठची म्हणजे १६६२चं प्रार्थनेचं पुस्तक, जसंच्या तसं. गीत नाही, उपदेश नाही, कुणी कुणाकडे पाहत नाही, पाऊण तासाच्या आत सगळे आपापल्या मोटारीत. आजोबा आठचे. शेवटून दुसरा बाक, खांबाशेजारी. उजव्या कानाचं यंत्र शिट्टी मारतं आणि तिकडे लक्ष वेधलं की ते म्हणतात, “ती बॅटरी आहे,” जणू बॅटरी दुसऱ्या कुणाची आहे.

निवेदनाचा मसुदा मी वाचून दाखवला. लोकसंख्या, शाळा, घंटा, ऑर्गन, हिशेब. प्रश्न आहेत का, असं वॉर्डनबाईंनी, म्हणजे चर्चच्या कारभारी बाईंनी, विचारताच आजोबांचा हात वर.

“तो कुणीकडे तोंड करून उभा राहणार?”

“कोण?”

“नवा माणूस. वेदीपाशी.”

वॉर्डनबाई म्हणाल्या, ते आल्यावर ठरवतील. आजोबा म्हणाले, आल्यावर फार उशीर झालेला असतो.

इथे नवख्याने हसू नये. १६६२च्या पुस्तकातली सूचना सांगते की पाळकाने मेजाच्या उत्तर बाजूला उभं राहावं. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डकडून आलेल्या कॅथलिक वळणाच्या वाऱ्याने अनेक पाळक पूर्वेला, वेदीकडे तोंड करून, मंडळीला पाठ दाखवून उभे राहू लागले. ते बंद पाडायला १८७४ साली पार्लमेंटने कायदा केला आणि त्यापायी ५ पाळक तुरुंगात गेले. खून नाही, अपहार नाही. मेणबत्त्या, झगे आणि उभं राहण्याची दिशा. विसाव्या शतकात मेज पुढे ओढून लोकांकडे, म्हणजे पश्चिमेला, तोंड करायची पद्धत रुळली. म्हणजे एका मेजाच्या ३ बाजू आणि प्रत्येक बाजूचा एक पक्ष.

त्यात हे लिंकनशायर. इथले बिशप एडवर्ड किंग यांच्यावरच खटला झाला होता. पूर्वेला तोंड केलं, दिवसाउजेडी वेदीवर मेणबत्त्या ठेवल्या, द्राक्षारसात पाणी मिसळलं असे आरोप. निकाल दिला कँटरबरीचे आर्चबिशप बेन्सन यांनी, नोव्हेंबर १८९०मध्ये. पूर्वेला तोंड करा, पण हातांची क्रिया लोकांना दिसली पाहिजे. पाणी मिसळा, पण उपासनेच्या आधी. आजोबा या निकालाबद्दल असं बोलतात, की गेल्या मंगळवारी लागला असावा.

मला मात्र १८९० म्हटलं की पुणं आठवतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात गोपाळराव जोशांनी पुण्यातल्या शहाण्यासुरत्या मंडळींना पंचहौद मिशनमध्ये नेलं, समोर चहा-बिस्किटं आली आणि नंतर नावं वर्तमानपत्रात छापून आणली. रानडे आणि टिळक दोघेही त्यात. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. ते मिशन अँग्लिकनच. एकाच शरद ऋतूत तिकडे पुणेकर चहा कुणाकडचा यावर भांडत होते आणि इकडे लंडनमध्ये पाठ कुणाकडे यावर निकालपत्र लिहिलं जात होतं. पुणेकर प्रायश्चित्त घेऊन सुटले. मी याच पंथाच्या हॉलमध्ये एकदा चहा घेतला आणि चिटणीस झाले. याला प्रायश्चित्त नाही, फक्त राजीनामा आहे आणि तो चिटणिसाकडेच द्यायचा असतो.

सभा पुढे सरकली, आजोबा नाही. २०१४पासूनच्या नियमांप्रमाणे पीसीसी ठराव करून बाई पाळक नको म्हणू शकते. त्यासाठी सभासदांना ठरावाचा मजकूर ४ आठवडे आधी द्यावा लागतो, ऐन वेळचा विषय म्हणून तो घेता येत नाही. हे मी सांगत होते तेव्हा हॉलमध्ये ताण होता. सगळ्यांच्या नजरा आजोबांकडे, कारण परंपरेचा झेंडा त्यांच्याच हाती. आजोबा म्हणाले, “बाई असली काय, बुवा असला काय, मला पाठच दिसणार आहे.” ठराव कुणी मांडलाच नाही. हे एक काम त्यांनी चांगलं केलं, हे मला मान्य करावं लागतं आणि ते मला आवडत नाही.

पण मग म्हणाले, “एक वाक्य घाला. आठला आम्ही हस्तांदोलन करत नाही.”

“आजोबा” असं म्हणायची इथे सोय नाही, म्हणून मी नुसतंच म्हटलं, “हे निवेदनात कसं घालणार?”

“कसं म्हणजे? पूर्णविरामासकट.”

“अर्जदाराला वाटेल आपण तुसडे आहोत.”

“आठला आहोत.”

मतदान झालं. वाक्य मंजूर झालं. घरी जायची घाई काय काय मंजूर करून घेते!

त्यानंतर चहा आणि ते जन्मजात पुजाऱ्याचं वाक्य. जे तेव्हा सुचलं नाही ते आता लिहिते. आजोबा, २०१४ साली बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपल्यावर पंढरपूरच्या मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी जाहिरात दिली, मुलाखती घेतल्या, बायकांनाही अर्ज करू दिले. आणि तुमच्याकडे? या चर्चला पाळक सुचवण्याचा हक्क आहे ऑक्सफर्डमधल्या एका कॉलेजाकडे. त्यांनी हे गाव पाहिलेलंही नसेल, पण हक्क त्यांचा. हे हक्क एके काळी लिलावात विकले जायचे, मृत्युपत्रात लिहून ठेवले जायचे. याला आम्ही वतन म्हणतो. आमच्याकडे पुजाऱ्याचं वतन होतं, तुमच्याकडे पुजारी नेमणाऱ्याचं आहे आणि ते अजून चालू आहे. कॉलेजाने सुचवलेल्या नावाला आपले २ प्रतिनिधी आणि बिशप नकार देऊ शकतात, एवढीच काय ती लोकशाही. त्यावरही कॉलेजाला आर्चबिशपांकडे दाद मागता येते.

आणि हे सगळं होईपर्यंत घर चालवायचं कुणी? रिकाम्या काळात पाळकाचा पगार वाचतो, पण वार्षिक वाटा कमी होत नाही. रिकाम्या घराच्या पाइपांतलं पाणी थंडीआधी काढून टाकायचं, नाहीतर गोठून फुटतात. तिथलं गवत कापायचं. अंत्यविधीसाठी फोन येतात, त्यांना दिवस आणि माणूस दोन्ही शोधून द्यायचं. लग्नाची घोषणा ३ रविवार वाचायची, नावाचा उच्चार चुकला तर नवरीची आई गाठते. प्रभुभोजन दीक्षित पाळकाशिवाय होत नाही, म्हणून निवृत्त पाळकांना फोन करायचे. बिशपांचं परवानापत्र चालू आहे ना ते तपासायचं, मानधन आणि मोटारीचा खर्च वेळेवर द्यायचा. यातले एक उत्तरेला उभे राहतात, एक पूर्वेला, आणि एक मोटारीतून घडीचं मेज घेऊन येतात. आजोबा दर रविवारी छोट्या वहीत नोंद करतात. मी एकदा डोकावून पाहिलं. तारीख आणि पुढे फक्त एक अक्षर: उ, पू, प.

जाहिरात शुक्रवारच्या ‘चर्च टाइम्स’मध्ये जाईल, मग अर्ज, संदर्भपत्रं, पोलीस पडताळणी, मुलाखतीच्या दिवशी सगळ्या गावासमोर कीश (अंडी-चीजचा खारा पाय) खात बोलण्याची परीक्षा. निवड झाली तरी त्या माणसाला जुन्या जागी ३ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सगळं सुरळीत झालं तर नऊ-दहा महिने. आणि पहिल्या जाहिरातीला कुणीच आलं नाही, तर हा सगळा मसुदा पुन्हा समितीपुढे.

मसुदा आर्चडीकनकडे, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे, गेला होता, तो काल परत आला. हिशेबाचं पान छान आहे म्हणे. मेंढ्यांचा फोटो ठेवलाय. हस्तांदोलनाचं वाक्य तेवढं काढलंय. आजोबांना हे कुणी सांगायचं, यावर समितीने एकमताने माझं नाव सुचवलं, कारण मी ‘इतकं छान समजावून सांगते’. वॉर्डनबाईंनी एकच अट घातली: ऑगस्ट संपेपर्यंत सांगायचं नाही. १६६२चं पुस्तक म्हणतं की पाळकाबरोबर निदान ३ जण घेणारे नसतील तर प्रभुभोजन करू नये आणि ऑगस्टात बाकीचे सुट्टीवर गेले की आठला उरतात त्या वॉर्डनबाई, मी आणि ते.