ज्याला भीती त्याने घरी बसावं? काका घरीच बसलेत

काल रात्री मावशीचा फोन आला. आवाज दबका. मावसभाऊ सुट्टीला घरी आलाय, दोन दिवस घसा धरलाय, अंगात कणकण आहे. कोविडचं किट आणून घरीच टेस्ट केली तर दुसरी रेघ उमटली. मावशी म्हणाली, निदान मास्क लाव आणि जेवायला वेगळा बस. त्याने उत्तर म्हणून तिला व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला. एकाच घरात, वरच्या खोलीतून खाली स्वयंपाकघरात. "हे वाच, मग बोल."

हा मेसेज मलाही तीन ग्रुपवर आलाय. जुनाच आहे, रुग्ण जरा वाढले की पुन्हा फिरतो. त्यात म्हटलंय ते असं: माझं शरीर, माझा निर्णय. मास्कने ऑक्सिजन कमी होतो. ९९ टक्के लोक बरे होतातच. सर्वोच्च न्यायालयानेही सक्ती चुकीची ठरवली. टिळकांनी प्लेगच्या वेळी निर्बंधांना विरोध केला, आपण त्यांचे वारस. आणि शेवटी, ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावं, इतरांचं स्वातंत्र्य हिरावू नये.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं.

काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची, किडनी बदललेली आहे. दिली मावशीनेच. ती किडनी शरीराने परकी म्हणून नाकारू नये यासाठी त्यांना सकाळी नऊला आणि रात्री नऊला गोळ्या घ्याव्या लागतात. मोबाइलवर गजर लावलेला असतो. तो वाजला की काका हातातलं काम टाकून डबीकडे जातात. या गोळ्यांचं कामच मुळी प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्याचं. त्यामुळे लशीचे डोस घेऊनही अशा रुग्णांना तिचा फायदा इतरांपेक्षा कमी मिळतो. काका लग्नाकार्याला जात नाहीत, बाजारात जात नाहीत. घरी बसा म्हणता ना? माणूस घरीच बसलाय. आजार बाहेरून घरात आला, आणि आता जेवणाच्या टेबलावर त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून खोकतोय. काकांनी अजून कुठे जाऊन बसावं?

"माझं शरीर" हे म्हणणं मधुमेहाला लागू होईल, कारण माझी साखर वाढली म्हणून शेजाऱ्याची वाढत नाही. कोविडचं तसं नाही. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. श्वास माझा असला तरी खोलीतली हवा सगळ्यांची असते.

आता टिळक. हे वाचून माझा संताप झाला, कारण अर्धाच इतिहास सांगून त्या माणसाच्या तोंडी नसलेलं मत घातलंय. १८९७ साली पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सैनिक घरात घुसत, देवघर-माजघर काही बघत नसत, सामान बाहेर काढून जाळत. टिळकांनी त्या जुलमाविरुद्ध लिहिलं, हे खरंच आहे. पण पुण्यातली बरीच प्रतिष्ठित मंडळी गाव सोडून गेली तेव्हा टिळक गावात राहिले. त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभं करायला पुढाकार घेतला, स्वतः तिथे फेऱ्या मारल्या, विलगीकरणाच्या छावणीतल्या लोकांच्या जेवणाची सोय केली. रोगी वेगळा ठेवू नका असं त्यांचं म्हणणं नव्हतं. माणसाची अब्रू राखून ठेवा, एवढंच होतं. आणि त्याच साथीत, त्याच पुण्यात, सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ ला गेल्या. वारसा सांगायचा तर हा सगळा सांगा.

सक्तीबद्दलचं एक मात्र मान्य करायला हवं, मनात नसलं तरी. २०२० मध्ये आपल्याकडे पोलिसांनी भाजी आणायला निघालेल्यांना दांडके मारले, रस्त्यावर उठाबशा काढायला लावल्या. ८ मे २०२० ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. गाड्या बंद म्हणून बिचारे चालत गावी निघाले होते. असे निर्बंध आंधळे होते आणि त्याचा राग धरणाऱ्यांना मी दोष देणार नाही. न्यायालयाचंही अर्धं खरं आहे. २ मे २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कुणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. पण त्याच निकालात असंही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर वाजवी मर्यादा घालू शकतं. मेसेज लिहिणाऱ्याने दुसरं वाक्य गाळलं. शिवाय इथे सरकार कुठे आहे? इथे आई मुलाला मास्क लाव म्हणतेय.

मास्कने ऑक्सिजन कमी होत असता तर तासन् तास ऑपरेशन करणारे सर्जन टेबलापाशीच कोसळले असते. उपयोग होतो का, तर बांगलादेशात ६०० गावांतल्या सुमारे ३ लाख ४० हजार प्रौढांवर अभ्यास झाला, 'सायन्स' नियतकालिकात छापून आला. काही गावांत मास्क फुकट वाटले, लोकांना प्रेमाने आठवण करून दिली. मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, म्हणजे निम्मेसुद्धा नाहीत. तरी जिथे सर्जिकल मास्क दिले त्या गावांत लक्षणांसह झालेला कोविड ११ टक्क्यांनी कमी आढळला, आणि साठीच्या पुढच्यांत ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा तेवढा स्पष्ट दिसला नाही, तेही सांगते. म्हणून घरात सर्जिकल आणा.

९९ टक्क्यांवर जास्त लिहायची इच्छा नाही. उरलेल्या एका टक्क्यात महाराष्ट्रातले सरकारी नोंदीप्रमाणे १ लाख ४८ हजारांहून अधिक लोक आहेत. काका कुठल्या बाजूला पडतील हे मला आजमावून बघायचं नाही.

हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "एवढं मला त्याला सांगता यायचं नाही गं. ताट वर खोलीतच नेऊन देऊ ना?" म्हटलं दे, दाराबाहेर ठेव, आणि खिडक्या उघड्या ठेवायला सांग. तेवढ्यात मागे काकांचा गजर वाजला.