रिव्ह्यू मागण्याआधी पेशंटला नीट समजावून सांगा

कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणके आणि सांधे हाताने हलवून उपचार करणारं, क्लिनिक चालवणारी मंडळी भेटली की एक विषय हमखास निघतो: रिव्ह्यू कसे वाढवायचे? कुणी काउंटरवर क्यूआर कोड चिकटवतं, कुणी पेशंट दाराबाहेर पडायच्या आत त्याच्या मोबाइलवर लिंक पाठवतं, कुणी पुढच्या सिटिंगवर सूट देऊ करतं. क्यूआर कोडला माझी हरकत नाही. लिंकची घाई मला आवडत नाही. सूट मात्र सरळसरळ चूक आहे. पैसे, सवलत किंवा भेटवस्तू देऊन रिव्ह्यू मिळवायला गूगलच्या नियमांत मनाई आहे. खूश दिसणाऱ्यांनाच तेवढी लिंक द्यायची आणि नाराजांना वगळायचं, यालाही मनाई आहे. हे नियम नसते तरी माझं मत बदललं नसतं, कारण अशा रिव्ह्यूचा वाचणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो.

कुठल्याही क्लिनिकचे रिव्ह्यू उघडून बघा. ‘खूप छान अनुभव’, ‘डॉक्टर फार चांगले आहेत’, ‘स्टाफ मदत करणारा’. ज्याची कंबर धरली आहे, मानेला कुणी हात लावणार या कल्पनेनेच ज्याला धडकी भरते, त्याने यातून काय घ्यायचं? तिथे नेमकं काय करतात, दुखतं का, तो आवाज कसला येतो, किती वेळा बोलावतात, मानेला हात लावू नका म्हटलं तर ऐकतात का, हे त्याला हवं असतं. ते लिहायला लिहिणाऱ्याला ते आधी कळलेलं असावं लागतं, आणि ते सांगायचं काम आपलं आहे.

सांध्याला झटका देताना येणाऱ्या त्या आवाजाचंच घ्या. ‘कट्’ झालं की सरकलेला मणका जागेवर बसला, असं बहुतेकांना वाटतं. तसं काही नसतं. सांधा ताणला गेला की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोटाचा सांधा ओढत ही घटना एमआरआयमध्ये टिपली आणि 2015 मध्ये प्रसिद्ध केली. आवाज आला नाही म्हणून उपचार वाया गेला, असंही नसतं. हे सांगायला किती वेळ लागतो? पण सांगितलं नाही, तर पुढच्या वेळी आवाज न आल्यावर पेशंटला वाटतं, आज काही केलंच नाही.

दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचंही तसंच. मॅनिप्युलेशननंतर, म्हणजे हाताने सांध्याला झटका देऊन केलेल्या उपचारानंतर, अंग आखडणं, थोडं दुखणं बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकदा एखाद्या दिवसात ओसरतं. आधी सांगितलेलं असेल तर पेशंट म्हणतो, ‘सांगितलं होतं तसंच झालं.’ सांगितलं नसेल तर म्हणतो, ‘होतं त्यापेक्षा बिघडवून ठेवलं.’ दुखणं तेच, रिव्ह्यू दोन टोकांचे.

एक बाई एमआरआयची फाइल छातीशी धरून आल्या होत्या. रिपोर्टमधल्या ‘डिस्क बल्ज’ या शब्दांखाली लाल पेनने दोन रेघा होत्या. त्यांनी वाकणं सोडलं होतं, मुलाला उचलणं सोडलं होतं. तपासून झाल्यावर मी उपचाराला हात न घालता आधी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा 2015 मध्ये आला, त्यातले आकडे सांगितले: विशीतल्या सुमारे 30 टक्के लोकांत फुगलेली गादी, म्हणजेच डिस्क बल्ज, दिसते, चाळिशीत निम्म्यांत, ऐंशीच्या घरातल्या 84 टक्क्यांत. मग विचारलं, ‘घरी गेल्यावर रिपोर्टमध्ये काय आलं असं विचारतील, तेव्हा काय सांगाल?’ त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘गादी फुगलीय, पण ती खूप जणांची असते. आणि मी हालचाल बंद करायची नाही.’ हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे त्यांनी जो रिव्ह्यू लिहिला त्यात माझ्या कौतुकाची एकही ओळ नव्हती. रिपोर्टची भीती कशी गेली, तेवढंच होतं. नंतर कितीतरी पेशंट ‘ते वाचून आलो’ असं म्हणत आले.

आता जरा कडू बोलतो. ‘पेशंट एज्युकेशन’च्या नावाखाली आपल्याकडे बरीच भीती विकली जाते. मणक्यापासून प्रत्येक अवयवाकडे रेघा काढलेली पोस्टर, एक्स-रेवर बोट ठेवून ‘आत्ता केलं नाही तर पुढे बघा’, जन्मभराची पॅकेजं. डी. डी. पामर यांनी 1895 मध्ये ही पद्धत सुरू केली, तेव्हापासून मणक्यातच जवळपास सगळ्या रोगांचं मूळ शोधायची सवय या क्षेत्राला चिकटली आहे. ती आता सोडायला हवी. कंबरदुखीसाठी मॅनिप्युलेशनचा उपयोग होतो, पण माफक. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत औषधांच्या आधी करायच्या उपायांमध्ये ते आहे. दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दिलेल्या सूचनांतही आहे, आणि त्याच यादीत पेशंटला माहिती देणंही आहे. दम्यासाठी, बाळाच्या पोटदुखीसाठी भरवशाचा पुरावा नाही. नव्याने धरलेली कंबर तर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप सैल होते. हे सगळं पेशंटला सांगायचं. ‘मग मी थांबून बघतो’ असं तो म्हणाला तर म्हणू द्यायचं.

धोकेही सांगायचेच. लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर आपल्याकडे नाही, थेट हॉस्पिटलात जायचं. मानेच्या मॅनिप्युलेशननंतर रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक झाल्याच्या घटना दुर्मीळ आहेत, पण नोंदलेल्या आहेत. मानेला हात लावण्याआधी हे पेशंटच्या कानावर घातलंच पाहिजे. असं सांगितलं तर लोक पळून जातील, असं बरेच जण मला म्हणतात. मला उलट दिसतं. वाईट बाजूही सांगणाऱ्याचं चांगलं बोलणं लोकांना पटतं.

रिव्ह्यू मागायचा असेल तर खुशाल मागा, पण सगळ्यांना मागा, आणि मजकूर त्यांच्या तोंडी घालू नका. ‘तुम्हाला काय कळलं आणि काय पटलं नाही, ते लिहा’ एवढं पुरे. रिव्ह्यूला उत्तर देताना पेशंटची गोपनीयता जपायची: ती व्यक्ती आपली पेशंट होती, हेसुद्धा जाहीरपणे मान्य करायचं नाही. आभार मानायचे आणि क्लिनिकला फोन करा म्हणायचं. आणि ‘नुसतं बोलावत राहतात, कधी संपणार ते सांगत नाहीत’ असं कुणी लिहिलं, तर त्याच्याशी वाद घालू नका. दुसऱ्या दिवसापासून पहिल्याच भेटीत प्रत्येकाला सांगा की किती सिटिंगनंतर आपण फरक तपासणार, आणि फरक नसेल तर उपचार थांबवून कुणाकडे पाठवणार.