चक्कीवरचा अष्टांगयोग

कालचा राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहून टाकते. मे महिना, अमळनेरचं ऊन, पापड-बिबड्यांचा सीझन, आणि चक्कीवर डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. माझा डबा कळण्याचा. ज्यांना चक्कीचं शास्त्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कळणं म्हणजे ज्वारीत सालासकट काळे उडीद आणि मीठ, ते दळलं की दगडाला काळपटपणा राहतो, मागून गहू टाकला तर पोळ्या काळ्या होतात आणि मग त्या बाई भांडायला येतात. म्हणून चक्कीवाला आधी सगळा गहू काढतो, मग ज्वारी-बाजरी आणि आम्ही कळणंवाल्या सगळ्यात शेवटी. हे मला मान्य आहे. पण गहू संपला, ज्वारी संपली, माझा नंबर आला, मी ओढणी खोचून पुढे झाले तर चक्कीवरचा पोरगा भलताच डबा वर ओतून मोकळा.

डबा एका काकांचा. रिटायर्ड, ट्रॅकपँट, पांढरा टी-शर्ट आणि त्यावर मागच्या कुठल्यातरी योगदिनाचं चित्र. रोज सकाळी बागेत दहाबारा जणांना वाकवतात म्हणे. आले माझ्यानंतर, अगदी माझ्या डोळ्यांदेखत.

"काका, नंबर माझा होता."

काकांनी डोळे मिटले. खरंच मिटले, भर चक्कीत. मग एक लांब श्वास घेऊन म्हणाले, "ताई, आधी श्वासाकडे लक्ष द्या."

"श्वासात पीठ जातंय काका."

"तेच. तुमचं लक्ष पिठाकडे आहे. चित्त शांत नाही. नंबर माझा, डबा माझा, हे माझं-माझं सोडलं ना की बघा कसं हलकं वाटतं."

"मग तुमचा डबा मागे घ्या ना."

"अहो, तो माझा कुठे आहे?" काका हसले, इतकं गोड हसले की मला डबाच फेकून मारावासा वाटला. "या जगात आपलं काहीच नाही. जो माझा नाहीच तो मी मागे घेणार कसा?"

यावर काय बोलणार? मी चक्कीवाल्याकडे बघितलं. तो पिशवी झटकत म्हणाला, "घाई काय शे ताई? दळणच शे ना." मागे बाकड्यावर दोघं बसले होते ते फिदीफिदी हसले.

आता चिडायचं कारण नुसता नंबर नाही. मी योगाचा डिप्लोमा केलाय, पतंजलींची योगसूत्रं वाचलीत, पाठही केलीत. त्यांनी योगाची आठ अंगं सांगितलीत, त्यात यम पहिला, म्हणजे काय करायचं नाही ते, नियम दुसरा, म्हणजे काय पाळायचं ते, आणि आसन तिसरं. आणि यमांमध्ये अहिंसा, सत्य, मग लगेच अस्तेय, म्हणजे दुसऱ्याचं उचलायचं नाही. पुऱ्या योगसूत्रांत आसनावर सूत्रं किती, तर तीन! आणि काका बागेत तेवढंच शिकवतात. म्हणजे या माणसानं तिथेही पहिले दोघं रांगेत उभे असताना तिसऱ्याला पुढे घातलंय.

बरं, हे गाव काही तत्त्वज्ञानाला नवखं नाही. इथल्या कापडगिरणीवाल्या प्रतापशेठनी 1916 साली इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, साने गुरुजी तिथे तत्त्वज्ञान शिकायला आले आणि मग इथेच शाळेत शिक्षक झाले. एवढी परंपरा, आणि ती माझ्या वाट्याला आली ती ही अशी, ट्रॅकपँट घालून.

काकांच्या डब्यात काय होतं ते अजून सांगितलंच नाही. मल्टिग्रेन. गहू, सोयाबीन, नाचणी, मेथीदाणे आणि जवस, काय असेल नसेल ते. जवसाला तेल सुटतं, दगडाला टाकी लावून पाडलेल्या खाचा भरतात, हे चक्कीवरच्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं, पण त्या वेळी पोरगा बहुतेक श्वासाकडे लक्ष देत होता. पाच मिनिटांत चक्कीचा आवाज बसला, पीठ यायचं थांबलं, मोटर बंद करून वरचा दगड उघडावा लागला. आणि मग ऐसपैस वेळ मिळाला म्हणून काकांनी संतोषावर प्रवचन लावलं. "संतोषादनुत्तमसुखलाभः. संतोषासारखं सुख नाही ताई. बायकांनी तर विशेष करून हे अंगी बाणवावं, घर शांत राहतं."

इथे माझं डोकं फिरलं. संतोष बायकांनी विशेष करून का बाणवायचा? सूत्रात तसं कुठंही नाही. सासरी, ऑफिसात, रेशनच्या लाइनीत, जिथे जिथे कुणीतरी आपला हक्क उचलून नेतं तिथे संतोष आपल्याला आणि सोय त्याला. उचलणाऱ्याला अस्तेय शिकवायला कुणी जात नाही, कारण तो डोळे मिटून बसलेला असतो.

मनातल्या मनात मी प्रयत्न केला हां. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी असेल त्याच्यावर करुणा, पुण्यवान असेल तर आनंद मानायचा, आणि पापी असेल तर उपेक्षा करायची, असं पतंजली सांगतात. पण काका सुखीही दिसत होते आणि नंबरही त्यांनीच मारला होता, मग मैत्री करू की उपेक्षा? मग आठवलं, हिंसा वगैरे तीन तऱ्हेची, स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्यानं केली तरी हो-हो म्हटलेली. ती पण लोभानं, रागानं नाहीतर मोहानं, आणि वर सौम्य, मध्यम, कडक. सूत्रांवरच्या भाष्यात त्याचा हिशोब 27 प्रकारांपर्यंत जातो आणि पुढे 81 पर्यंत. नंबर मारण्याला हाच हिशोब लावला तर काकांनी करवून घेतलं, पोरानं केलं, बाकड्यावरच्या दोघांनी अनुमोदन दिलं. सगळे बसतात त्यात. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू! दोन हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी माझी बाजू घेऊन ठेवलीय.

काकांना हे ऐकवलं. ते म्हणाले, "वा, अभ्यास आहे तुमचा. पण ज्ञानाचा अहंकार नको." आणि पिशवी उचलून गेले. दगड साफ करायचे जास्तीचे पैसे द्यायला मात्र थांबले नाहीत.

शेवटी आठ वाजता माझं कळणं दळलं गेलं, काकांच्या मेथीवरून. रात्री भाकरी कडूजार. मी ठेच्यासोबत कशीबशी रेटली. नवरा दोन घास खाऊन म्हणाला, "थोडी कडू आहे, पण शुगरला चांगली असते मेथी." बिबड्यांची ज्वारी दळायची बाकी आहे, रविवारी त्यालाच पाठवतेय. सकाळी, उन्हात, गर्दीच्या टायमाला.